बिनपंचनाम्याची जप्ती

२०१४ च्या ऑक्टोबर महिन्यात जगाच्या निरनिराळ्या भागांत, एकमेकांची ओळखदेख नसलेल्या पुष्कळ माणसांना एकाच प्रकारचा चमत्कारिक अनुभव येऊ लागला. आदल्या दिवसापर्यंत निमूटपणे काम करणारे एखादे उपकरण, मग ते मोजमापाचे असो, प्रयोगाचे असो की नुसती एक जोडकेबल असो, संगणकाला लावले असता संगणक त्याची ओळखच दाखवीना. दुसऱ्या संगणकाला लावून पाहावे तर तिथेही तीच गत. उपकरण जळले नव्हते, पडले नव्हते, त्यात पाणी शिरले नव्हते. घडले होते ते इतकेच की मधल्या काळात विंडोज या संगणकप्रणालीने आपल्या नित्याच्या शिरस्त्याप्रमाणे, मालकाला विशेष काही न कळवता, एक नवा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, उतरवून घेतला होता. आणि त्या ड्रायव्हरने उपकरणाच्या पोटातील एका चिपची तपासणी करून, ती नकली असल्याचा निकाल स्वतःच देऊन, त्या निकालाची अंमलबजावणीही स्वतःच करून टाकली होती.

हा ड्रायव्हर लिहिणारी कंपनी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराची. फ्यूचर टेक्नॉलॉजी डिव्हायसेस इंटरनॅशनल असे तिचे लांबलचक नाव असून ती सामान्यतः एफटीडीआय या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. १९९२ साली स्थापन झालेल्या या कंपनीची भरभराट एका संक्रमणकाळामुळे झाली. पूर्वीच्या संगणकाच्या पाठीमागे सिरियल पोर्ट नावाचे एक नऊ पिनांचे तोंड असे. त्यामागची आरएस-२३२ ही पद्धती १९६० सालची, इतकी जुनी आणि इतकी साधी की वजनकाट्यापासून लेथपर्यंत आणि रुग्णालयातील उपकरणांपासून वेधशाळेतील दुर्बिणीपर्यंत सर्वांना तिची भाषा अवगत होती. १९९६ साली यूएसबी आली आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत संगणकाच्या पाठीवरून ते जुने तोंड नाहीसे झाले. परंतु कारखान्यातील यंत्रे संगणकाइतक्या लवकर बदलत नसतात. तेव्हा जुन्या यंत्राची भाषा नव्या संगणकाला समजावून सांगणारा एक दुभाषा मध्ये बसवणे प्राप्त झाले. एफटीडीआयची एफटी२३२आर ही चिप म्हणजे तो दुभाषा होय. ती इतकी रुळली की आर्डुइनो नॅनोसारख्या विद्यार्थिप्रिय सर्किट-पाट्यांवरही तीच दिसू लागली.

यूएसबीच्या व्यवस्थेत प्रत्येक उत्पादकाला एक क्रमांक असतो. तो यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम ही संस्था शुल्क घेऊन देते, आणि उत्पादक आपल्या प्रत्येक मालाला आणखी एक क्रमांक स्वतः लावतो. एफटीडीआयचा उत्पादकक्रमांक ०४०३, आणि या चिपचा मालक्रमांक ६००१. उपकरण जोडले जाताच संगणक हे दोन अंक वाचतो आणि त्यांवरून कोणता ड्रायव्हर चालवायचा ते ठरवतो. आता हा ड्रायव्हर कंपनी फुकट देते. तो लिहिण्याचा, नव्या प्रणालींबरोबर अद्ययावत ठेवण्याचा आणि मायक्रोसॉफ्टकडून प्रमाणित करून घेण्याचा सारा खर्च चिपच्या किमतीतूनच वसूल व्हावयाचा असतो. नकली चिप विकणारा हे दोनही अंक आपल्या चिपमध्ये भरतो, वर एफटीडीआयचे बोधचिन्ह उमटवतो, आणि दुसऱ्याच्या परिश्रमाचे फळ विनामूल्य उपभोगतो. कंपनीची फिर्याद मुळात खोटी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

त्या नकली चिपच्या अंतरंगाविषयी एक मनोरंजक गोष्ट त्याच वर्षाच्या प्रारंभी उघडकीस आली होती. झेप्टोबार्स या नावाने काम करणाऱ्या मंडळींनी खरी आणि खोटी अशा दोन्ही चिपांची वेष्टने विरघळवून आतील सिलिकॉनची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेतली. दोन्हींच्या रचनेत काडीचेही साम्य नव्हते. नकली चिप म्हणजे प्रत्यक्षात एक सर्वसाधारण मायक्रोकंट्रोलर होता आणि खऱ्या चिपसारखे वर्तन करण्याचा प्रोग्रॅम त्यात कायमचा कोरलेला होता. म्हणजे ज्याने ती रचली त्याने चोरीसाठी पुरेशी खरी मेहनत केली होती! तीच चिप त्याने आपल्या नावाने, आपल्या क्रमांकाने आणि आपल्या ड्रायव्हरसह बाजारात आणली असती, तर तिला कोणी नावे ठेवली नसती. ती रास्त स्पर्धा ठरली असती. दुसऱ्याच्या वस्तूसारखे काम करणारी वस्तू बनवणे आणि दुसऱ्याचे नाव लावून ती विकणे या दोन कृत्यांत जे अंतर आहे ते या विषयावर बोलताना वारंवार पुसले जाते. उत्पादक ते हेतुपुरस्सर पुसतात, कारण प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला भामटा ठरवणे त्यांना सोयीचे असते. आणि स्वस्ताईचे भोक्तेही ते पुसतात, कारण प्रत्येक भामट्याला गरिबांचा कैवारी ठरवणे त्यांना सुखाचे वाटते.

आता ड्रायव्हरने नेमके काय केले ते पाहू, कारण या प्रकरणातील नीतीचा प्रश्न त्या तांत्रिक तपशिलातच दडलेला आहे. चिपच्या आत ईईप्रॉम नावाची एक छोटी, वीज गेली तरी न पुसणारी स्मृती असते, आणि तिच्या क्रमाने मांडलेल्या घरांत वर सांगितलेले अंक लिहिलेले असतात. खऱ्या चिपमध्ये ही घरे जोडीजोडीने लिहिली जातात. सम क्रमांकाच्या घरात काही लिहावयास सांगितले तर ती ते नुसते मनात धरते आणि पाठोपाठ विषम घराचा हुकूम आला तरच दोन्ही एकदम उमटवते. नकली चिपच्या कर्त्याला ही बारीक खोड ठाऊक नव्हती. त्याची चिप प्रत्येक हुकूम तत्काळ पाळत असे. कंपनीच्या अभियंत्यांनी या फरकाचा लाभ घेतला. नव्या ड्रायव्हरने फक्त सम घरांना हुकूम दिले: एकात मालक्रमांकाच्या जागी शून्य लिहावे, आणि दुसऱ्यात असा एक अंक लिहावा की ज्यायोगे साऱ्या स्मृतीची पडताळणीची बेरीज पूर्ववत जुळावी. खऱ्या चिपवर याचा काहीच परिणाम झाला नाही. नकली चिपने मात्र आपले नाव आपल्याच हाताने पुसून टाकले. ज्या उपकरणाचा मालक्रमांक शून्य, त्याला कोणताच ड्रायव्हर लागू होईना. ही युक्ती बुद्धिमान आहे यात शंका नाही, आणि केवळ बुद्धिबळाचा डाव म्हणून पाहिली तर तिच्या कर्त्याला दाद द्यावीशी वाटते. ती कायमची होती असेही नाही. जाणकार माणूस जुना ड्रायव्हर आणि एफटीडीआयचीच एक छोटी प्रणाली वापरून तो अंक पूर्ववत करू शकत असे. पण जाणकार माणूस!

ज्याच्या हाती हे उपकरण होते तो बहुधा जाणकार नव्हता, आणि कसूरदार तर नव्हताच. चिप ही वस्तू कोणी गृहस्थ दुकानात जाऊन पारखून घेत नाही. कोणी एक अभियंता आपल्या आराखड्यात खऱ्या चिपचे नाव लिहितो. पाटी जुळवणारा कंत्राटदार ती घाऊक व्यापाऱ्याकडून मागवतो. तो व्यापारी टंचाईच्या दिवसांत दुसऱ्या व्यापाऱ्याकडून उचलतो. आणि या साखळीतील एखाद्या कडीत खऱ्याच्या जागी खोटे येऊन बसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात पाटी विकत घेणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला चिपवरची नखाएवढी अक्षरे वाचायलाच भिंग लागते. ती अक्षरे सचोटीची आहेत की नाहीत हे त्याने कसे ओळखावे? आणि तो निदान पाटी तरी पाहतो. बंद पेटीतले उपकरण घेणाऱ्याला तेवढेही दर्शन घडत नाही. प्रत्यक्ष लष्करी खात्यांचीही या बाबतीत फसगत होते. अमेरिकेच्या सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात संरक्षणसामग्रीत संशयास्पद सुटे भाग शिरल्याची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदली असून त्या भागांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. ज्यांच्यापाशी परीक्षक, प्रयोगशाळा आणि अमर्याद खजिना आहे त्यांना जे साधले नाही, ते ग्राहकाने साधावे अशी अपेक्षा धरणे हा विनोद झाला. परंतु गदारोळ उठल्यावर एफटीडीआयच्या बाजूने आलेल्या एका उत्तराचा आशय जवळजवळ हाच होता: आमचा रोख वापरणाऱ्यांवर नाही, चिप अस्सल आहे की नाही याबद्दल शंका असेल तर आमचा ड्रायव्हर वापरू नये.

कंपनीच्या पक्षाचे जे लोक आहेत त्यांचा सर्वांत बळकट युक्तिवाद खोट्या नोटेचा आहे, आणि त्याची बूज राखूनच उत्तर द्यायला हवे. आपल्याकडे बँकेच्या खिडकीवर कोणी अजाणतेपणी बनावट नोट दिली तर बँक ती परत देत नाही. जप्त करते, आणि तिच्या मोबदल्यात एक पैही देत नाही. नुकसान निरपराध्याचेच होते. मग चिपच्या बाबतीत एवढा आक्रोश का? असा हा प्रश्न आहे. उत्तर असे की बँक ती नोट जप्त करते ती रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, त्या माणसाच्या समक्ष, नोटेवर शिक्का मारून आणि त्याच्या हातात पावती देऊन. जप्तीचा अख्त्यार तिला राज्याने दिलेला असतो. तो तिने स्वतःकडे घेतलेला नसतो. शिवाय बनावट नोटेला बनावटपणापलीकडे काही अस्तित्वच नाही, ती कागदाचा कपटा आहे. नकली चिप मात्र, तिच्या कपाळावरचे नाव खोटे असले तरी, काम खरे करत असते, आणि ज्या यंत्रात ती बसली आहे ते यंत्र तर सर्वस्वी खरे आणि मालकाने खऱ्या पैशांनी घेतलेले असते.

आपल्या कायद्याने या अधिकाराला किती कुंपणे घातली आहेत ते पाहण्यासारखे आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाखाली खोटे चिन्ह लावणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे कायदा गुन्ह्याला क्षुल्लक लेखत नाही. तथापि वॉरंटाशिवाय झडती घेऊन मुद्देमाल जप्त करण्याचा अधिकार पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अंमलदाराला नाही, आणि त्यालाही झडतीपूर्वी व्यापारचिन्ह निबंधकाचा अभिप्राय घ्यावा लागतो. चिपांच्या रचनेचे संरक्षण करणारा २००० सालचा स्वतंत्र कायदा तर याहून एक पाऊल पुढे जातो. ज्याने नकलेची जाणीव नसताना अशी चिप बसवलेली वस्तू घेतली, त्याची वहिवाट तो बेकायदा ठरवत नाही. जाणीव करून दिल्यानंतरही तो त्याच्यावर फार तर योग्य स्वामित्वशुल्काचा बोजा टाकतो. बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराचे सदतिसावे कलमही हेच सांगते. आमच्या प्रकरणातील चिप रचनेची चोरी नसून नावाची चोरी होती, त्यामुळे हा कायदा तिला अक्षरशः लागू पडणार नाही. परंतु त्यामागची न्यायबुद्धी काय आहे ते त्यावरून कळते. विधिमंडळांनी शतकानुशतकांच्या अनुभवाने निरागस खरेदीदाराभोवती जी तटबंदी उभारली, ती एका कंपनीने दोन हुकुमांत ओलांडली. फिर्यादी, पंच, न्यायाधीश आणि बेलिफ या चारही भूमिका एकाच प्रोग्रॅमने वठवल्या, आणि पंचनामा कोणीच केला नाही.

उलट, मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकयंत्रणेत बिघाड घडवणे हे आपल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या त्रेचाळिसाव्या कलमाने नुकसानभरपाईस पात्र ठरवले आहे. ब्रिटनमध्येही १९९० पासून संगणकदुरुपयोगाचा कायदा आहे. न्यायालयाने या विशिष्ट कृत्याविषयी काय म्हटले असते याचा तर्क करण्याचे येथे कारण नाही. कंपनीचे उत्तर तयारच होते: ड्रायव्हरसोबतच्या परवान्यात, अस्सल नसलेल्या चिपसाठी हा ड्रायव्हर वापरल्यास तिची कधीही न भरून येणारी हानी होऊ शकेल, असे मोठ्या लिपीत लिहिलेले होते. होते खरे. पण तो मजकूर ड्रायव्हरच्या एका फायलीत होता, आणि विंडोजचे अपडेट ती फाईल कोणाला दाखवत नाही. १८७२ च्या आपल्या करार अधिनियमाची संमतीची व्याख्या जुनी असली तरी येथे चपखल बसते: दोन पक्ष एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतील तेव्हा ती संमती. ज्या गृहस्थाला आपल्या केबलमध्ये चिप असते हेच ठाऊक नाही, त्याने तिच्या मरणाला कोणत्या अर्थाने मान्यता दिली म्हणावी?

याचा अर्थ कंपनीने हात जोडून बसावे असा नाही. तैवानच्या प्रोलिफिक कंपनीची पीएल२३०३ ही चिप याच कामाची, आणि तिच्याही नकला अमाप झाल्या. प्रोलिफिकने आपला नवा ड्रायव्हर असा केला की नकली चिप दिसताच तो चालण्याचेच नाकारी. विंडोज एक चूकसंदेश दाखवी आणि उपकरण जसेच्या तसे राही. त्यातही अन्याय झालाच, कारण प्रोलिफिकच्या स्वतःच्या जुन्या, अस्सल पण उत्पादनातून काढलेल्या चिपाही त्या नकारात सापडल्या आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाला आपली केबल एकाएकी म्हातारी झाल्याचे कळले. तरीसुद्धा मी या दोन कृत्यांत मूलभूत भेद मानतो. आपला चाकर दुसऱ्याच्या सेवेस न पाठवणे हा मालकाचा हक्क आहे. पाठवून त्याच्या घरातील वस्तू मोडवून घेणे हा नाही. ड्रायव्हर ही एफटीडीआयची मालमत्ता आहे आणि तो कोणासाठी चालावा हे ती ठरवू शकते. उपकरणातील स्मृती ही उपकरणाच्या मालकाची आहे, मग ती नकली चिपमधील का असेना.

कंपनीने पुढे काय केले ते मात्र अधिक विचारात पाडणारे आहे. ओरड होताच दोन-तीन दिवसांत तो ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून काढून घेण्यात आला. कंपनीच्या प्रमुखांनी निवेदन काढून हेतू शुद्ध असल्याचे सांगितले आणि आपल्या अस्सल ग्राहकांत चिंता निर्माण झाल्याचे मान्य केले. त्यानंतर २०१६ च्या प्रारंभी जो ड्रायव्हर आला तो चिपच्या स्मृतीला हात लावत नव्हता. नकली चिप आढळल्यास तो खऱ्या माहितीच्या जागी, हे उपकरण अस्सल नाही, अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य प्रवाहात सोडून देई. वरवर पाहता ही सौम्य तऱ्हा. स्मृती अबाधित, जुना ड्रायव्हर घातला की सर्व पूर्ववत. परंतु सिरियल तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस नसतो, यंत्र असते, आणि यंत्र वाक्य वाचत नाही. ते प्रत्येक अक्षराला हुकूम किंवा आकडा समजते. जेथे तापमान अपेक्षित आहे तेथे इंग्रजी अक्षरे आली तर एखादे यंत्र त्यांची उपेक्षा करील, एखादे थांबेल, आणि एखादे निष्काळजीपणे बनवलेले यंत्र त्यांतून भलताच आकडा काढून त्याप्रमाणे वागेल. मेलेल्या दुभाष्यापेक्षा खोटे बोलणारा दुभाषा अधिक घातक. पहिल्या उपायात कायद्याचा भंग अधिक होता असे म्हणता येईल. धोका मात्र मला दुसऱ्यात अधिक दिसतो, आणि त्याच्याविरुद्ध ओरड तुलनेने कमी झाली याचे आश्चर्य वाटते.

आणखी एक हानी झाली, जिची मोजदाद कोणत्याही पावतीत होणार नाही. संगणकतज्ज्ञ वर्षानुवर्षे सामान्य लोकांना कानीकपाळी ओरडून सांगत आले की अपडेट टाळू नका, सुरक्षेच्या फटी त्यानेच बुजतात. हा उपदेश मानणाऱ्याची उपकरणे बंद पडली आणि आळशी माणसाची चालू राहिली. कारखान्यातील किंवा इस्पितळातील एखाद्या व्यवस्थापकाने या प्रकरणावरून, आपल्या संगणकाची अपडेटची वाटच बंद करून टाकावी, असा बोध घेतला तर त्याला मूर्ख कसे म्हणावे? अशी वाट केवळ मायक्रोसॉफ्टची किंवा एफटीडीआयची मालमत्ता नाही, ती सार्वजनिक विहिरीसारखी आहे, हे भान मुद्रणयंत्रांच्या कंपन्यांनाही राहिलेले दिसत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी दुसऱ्या कंपन्यांची शाईची काडतुसे अचानक नाकारली, आणि ती काडतुसे तर नकलीही नव्हती, उघडपणे परक्या नावाची होती. नंतर कंपनीने दिलगिरी व्यक्त करून जुने वर्तन परत आणणारा पर्याय दिला.

ग्लासगोच्या त्या युक्तीला पहिले तांत्रिक उत्तर लिनक्सच्या स्वयंसेवकांनी दिले. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे एक चिमुकली दुरुस्ती दाखल झाली, जिच्यायोगे मालक्रमांक शून्य झालेली चिपही ओळखली जाऊ लागली. दुसरे उत्तर बाजाराने दिले. चीनमधील नानजिंग शहराची डब्ल्यूसीएच ही कंपनी सीएच३४० नावाची चिप बनवते; तीही यूएसबी आणि सिरियल यांमधली दुभाषीच, परंतु स्वतःच्या नावाने, स्वतःच्या क्रमांकाने आणि स्वतःच्या ड्रायव्हरसह विकली जाणारी, आणि अतिशय स्वस्त. आज आपल्याकडच्या दुकानांत आर्डुइनोची स्वस्त प्रतिकृती मागितली तर तिच्यावर बहुधा हीच चिप आढळते. पहिल्या खेपेस तिचा ड्रायव्हर काही संगणकांवर निराळा उतरवून घ्यावा लागतो, एवढी एक कटकट वगळता विद्यार्थ्यांची तिच्याविषयी विशेष तक्रार ऐकू येत नाही.